एका रात्रीत घर सुटलं, त्यानंतर पैशाचं कसं जमवलं: दोन मुलांच्या आईचं प्रकरण

मी एका पतसंस्थेत काम करते आणि आठवड्यातून दोन दिवस एका समुपदेशन केंद्रात कागदपत्रांचं काम बघते. म्हणजे कोणाला दाखला काढायचाय, कोणाचं बँकेत अडलंय, कोणाला कोर्टात द्यायला हिशोब मांडून हवाय, असं. हे प्रकरण तिथलंच. तिला आपण सुनंदा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिला विचारूनच लिहितेय. तिचं म्हणणं होतं की "ताई, पैशाचं सगळं खरं खरं लिहा, बाकीचं लोकांना माहिती असतंच."

पार्श्वभूमी

वय ३४, लग्नाला ११ वर्षं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. नवरा नाशिकला एमआयडीसीत कंपनीत कायम, पगार हातात साधारण ४२,००० येतो. ही घरी शिलाईकाम करायची, ब्लाऊज, फॉल-पिको, सणाच्या दिवसांत महिन्याला सात-आठ हजार सुटायचे, एरवी चार-पाच. माहेर निफाड तालुक्यात, भावाची दोन एकर द्राक्षबाग.

घरातला पैसा कसा फिरायचा ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं. नवऱ्याचा पगार दोघांच्या जॉइंट खात्यात यायचा, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीचं खातं, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीनं पैसे काढू शकतं. तिचं स्वतःचं एक जनधन खातं होतं, पण त्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला आणि एटीएम कार्डही त्याच्याच पाकिटात. तिच्या हातातला मोबाईल तिचा, सिम मात्र नवऱ्याच्या नावावर. मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात, पालक म्हणून वडिलांचं नाव. आणि एका मायक्रोफायनान्स कंपनीचं ५०,००० चं कर्ज, ते तिच्या नावावर, त्यातून घेतलेली गाडी नवऱ्याच्या नावावर. अशी वाटणी किती घरांत आहे हे पतसंस्थेत रोज दिसतं, आणि सगळं सुरळीत असतं तोवर कोणाला त्यात काही खटकत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये गौरी विसर्जनाच्या रात्री भांडण झालं, त्यानं मारहाण केली, उजवं मनगट मोडलं, आणि रात्री साडेअकराला तिला दोन्ही मुलांसकट दाराबाहेर काढलं. मारहाण आधीही होती, पण दार लावून घेणं पहिल्यांदा. ती अंगावरच्या साडीवर, मोबाईल आणि मुलीची शाळेची बॅग घेऊन शेजारच्यांकडे बसली आणि पहाटे भाऊ येऊन घेऊन गेला.

अडचण नेमकी काय होती

पहिले दहा दिवस काय झालं ते तिला आजही सलग आठवत नाही. हात प्लॅस्टरमध्ये, धाकटा रात्री दचकून उठायचा, मोठी बोलायचीच नाही. अशा वेळी पैशाचे निर्णय घ्यायला डोकं चालत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत सगळ्यात महत्त्वाचे निर्णय होऊन जातात, आपण घेतले नाही तरी होतात.

पहिला निर्णय जॉइंट खात्याचा. त्यात त्या दिवशी ३८,००० होते. पहिले दोन दिवस तिच्या मोबाईलवर यूपीआय चालू होतं. भावानं सांगितलं निम्मे तरी भावजयीच्या खात्यावर टाक, तिनं नाही टाकले. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "चोरी केल्यासारखं वाटलं असतं." तिसऱ्या दिवशी त्यानं सिम बंद करून घेतलं आणि पाचव्या दिवशी खातं रिकामं. सिम बंद झालं आणि त्याच्याबरोबर यूपीआय, बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी सगळं गेलं. तिची सगळी ओळखच त्या नंबरवर टांगलेली होती.

दुसरा निर्णय दवाखान्यातला. डॉक्टरांनी कसं झालं विचारल्यावर ती म्हणाली जिन्यावरून पडले. मुलं समोर होती, भाऊ समोर होता, लाज वाटली. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि पुढे कोर्टात समोरच्या वकिलानं तोच कागद दाखवला.

तिसरी गोष्ट लाडकी बहीणची. ऑगस्टमध्ये तिला पहिले दोन हप्ते मिळून ३,००० आले होते, ते घरात खर्च झाले. सप्टेंबरचा १,५०० चा हप्ता जनधन खात्यात आला आणि लगेच एटीएममधून निघाला. ती तेव्हा माहेरी होती, कार्ड त्याच्याकडे.

ती माझ्याकडे आली सप्टेंबरच्या शेवटी. हातात रोख ६०० रुपये, तेही भावजयीनं दिलेले. भावाचा हात आखडलेला, ऑक्टोबर छाटणीचे दिवस, मजुरी आणि औषधांत पैसा गुंतलेला, बागेचा पैसा फेब्रुवारीशिवाय येणार नाही. तो वाईट नव्हता, घरात तीन खाणारी तोंडं अचानक वाढली होती एवढंच. हात मोडल्यानं शिलाई बंद, आणि मशीन तर सासरीच राहिलेलं. वर मायक्रोफायनान्सवाले हप्त्यासाठी माहेरचा पत्ता शोधत आले.

पर्याय काय होते

नातेवाईकांचा पर्याय एकच, बैठक बसवा आणि नांदायला पाठवा. तिला जायचं नव्हतं पण ठामपणे नाही म्हणायची ताकदही नव्हती.

पोलिसात गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, जुनं ४९८अ. यावर तिची भीती अशी की त्याची नोकरी गेली तर मुलांना पोटगी कुठून येणार. ही भीती मी खूप जणींकडून ऐकलीये आणि ती खोटी नसते, पण तेवढ्यावर गुन्हा न नोंदवणं बरोबर असंही मला वाटत नाही. तिनं तेव्हा ठाण्यात फक्त लेखी तक्रार दिली, त्याची नोंद झाली.

तिसरा, फक्त पोटगीचा अर्ज, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुनं १२५.

चौथा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज. त्यात एकाच अर्जात पोटगी, घरभाडं, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, संरक्षण, नुकसानभरपाई हे सगळं मागता येतं. आणि कलम २७ प्रमाणे बाई सध्या तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हणजे निफाडला. हे तिला माहितीच नव्हतं, ती समजत होती नाशिकलाच फेऱ्या माराव्या लागणार, दोन मुलं घेऊन, प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस. मला वाटतं या एका गोष्टीनं तिचं मन वळलं.

वकिलाचं विचाराल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. तरी तिच्या मामांनी एका खाजगी वकिलाला ५,००० आधीच देऊन ठेवले होते, ते बुडाले.

काय केलं, कोणत्या क्रमानं

आम्ही आधी नंबरला हात घातला. नवीन सिम घ्यायला आधार लागतं आणि आधार सासरी. पण लाडकी बहीणचा फॉर्म अंगणवाडीताईंनी भरून दिला होता, त्यांच्याकडे झेरॉक्स होती. शेजारणीच्या फोनवर त्यांनी फोटो पाठवला, त्यावरून आधार नंबर मिळाला. सिमच्या दुकानात अंगठा लागेना, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताची बोटं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली. दुकानदार पोरगा सारखं तिचं बोट रुमालानं पुसत होता, "काकू, जरा जोरात दाबा." चौथ्या वेळी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसून खूप रडली, त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच.

मग आधार केंद्रात जाऊन आधारला नवा नंबर. इथं लक्षात ठेवा, जुन्या नंबरवर ओटीपी जात नाही, स्वतः जाऊन बोटांचे ठसे दिले की होतं, तेव्हा ५० रुपये लागले. नंबर लागल्यावर ई-आधारची प्रिंट. मग पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं, तेही ठशावरच उघडतं, आणि आधार त्या खात्याला जोडून घेतलं. सरकारी पैसा शेवटचं आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं जातो, त्यामुळे पुढचा हप्ता पोस्टाच्या खात्यात आला. जनधनचं कार्ड शाखेत जाऊन ब्लॉक केलं. एवढ्याला बावीस दिवस लागले. ऐकायला काहीच नाही पण तिच्या हाती १,५०० का होईना, दुसऱ्या कोणाला काढता न येणारे पैसे आले.

दोनशे पानी एक वही केली. एका पानावर आजचं एकच काम, मागच्या बाजूनं रोजचा खर्च, अगदी दूध आणि रिक्षासकट. दिवसाला एकच काम हा नियम मी केला कारण दोन कामं सांगितली की ती दोन्ही विसरायची, आणि मग स्वतःला बोल लावत बसायची.

मायक्रोफायनान्सच्या शाखेत लेखी अर्ज दिला की पत्ता बदललाय, हात मोडलाय, हप्ता लहान करून द्या. आधी ऐकेनात, वसुलीवाले रात्री आठला दारात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत मायक्रोफायनान्सच्या वसुलीला संध्याकाळी सहानंतर मनाई आहे, ते अर्जात लिहिलं तेव्हा येणं थांबलं आणि हप्ताही तीन महिन्यांसाठी निम्मा झाला. कर्ज मात्र तिचंच राहिलं, गाडी कोणाकडेही असो.

शाळा. मुलीच्या खाजगी शाळेनं थकलेली फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ असं की दाखला नाही म्हणून सरकारी शाळेत प्रवेश अडवता येत नाही. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी नियम बोलूनही दाखवला नाही, म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा, कागद येतील सावकाश." मुलीला शाळा बदलल्याचं दुःख झालं, ते आहेच.

बालसंगोपन योजना. एकल पालकाच्या मुलांना, आईवडील विभक्त असतील तरी, महिन्याला एका मुलामागे २,२५० मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक, आणि मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. अडलं उत्पन्नाच्या दाखल्यावर, रेशनकार्ड नवऱ्याच्या नावाचं म्हणून त्याचं उत्पन्न धरत होते. संरक्षण अधिकाऱ्यांकडून (हिंसाचार कायद्याखाली सरकारनं नेमलेले अधिकारी) घरगुती घटना अहवाल, म्हणजे घरात काय घडलं त्याची अधिकृत नोंद, झालेला होता, त्याची प्रत आणि स्वयंघोषणापत्र लावल्यावर तिच्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला निघाला. संजय गांधी निराधारचा विचार केला होता पण त्याचेही १,५०० आणि लाडकी बहीणचेही १,५००, दोन्ही सोबत मिळत नाहीत, शिवाय तिथं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, म्हणून चालू असलेलंच ठेवलं.

आणि कोर्ट. इथं चूक झाली आणि ती माझीही आहे. अहवाल ऑक्टोबरमध्येच तयार होता. नातेवाईक म्हणाले दिवाळीनंतर बैठक आहे, आत्ता कोर्टात गेलं तर बोलणी फिसकटतील. मीही म्हणाले, ठीक आहे, दिवाळीपर्यंत बघू. दिवाळी झाली, बैठक पुढे गेली, मग त्याच्या चुलत्यांकडे लग्न होतं, मग संक्रांतीनंतर. बैठक एकदा झाली, त्यात तो फक्त "मुलगा ठेवून घेतो" म्हणाला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दाखल झाला २७ जानेवारी २०२५ ला.

पोटगीच्या अर्जाबरोबर दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न, खर्च, कर्जं यांचं शपथपत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून. सुनंदाला वाटत होतं शिलाईचं उत्पन्न लिहूच नये, लिहिलं तर पोटगी कमी मिळेल. वकील मॅडम म्हणाल्या लिहा, वहीत आहे तसं लिहा, हात मोडल्यावर किती महिने शून्य होतं तेही लिहा. तिनं लिहिलं. त्यानं पगार २४,००० लिहिला. पण जॉइंट खात्याची ती अजून खातेदारच होती, शाखेत जाऊन मागची दोन वर्षांची स्टेटमेंट तिनं स्वतःच्या सहीनं काढली, दर महिन्याला ४२,००० च्या आसपास पगार जमा. वकील मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, त्यानंतर फार युक्तिवाद करावाच लागला नाही.

निकाल काय लागला

जून २०२५ ला अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश झाला, महिना १२,०००, तिला भाड्यासकट ६,००० आणि मुलांना प्रत्येकी ३,०००, अर्जाच्या तारखेपासून. मुलांचा ताबा तिच्याकडे, त्याला महिन्यातून दोन रविवार भेट. शिलाई मशीन आणि तिचे कागद परत द्यायचा आदेश झाला, संरक्षण अधिकारी पोलीस घेऊन गेल्या आणि मशीन आणलं. टेम्पोतून उतरवल्यावर तिनं पहिल्यांदा खालची पट्टी सरकवून बघितलं, बॉबिन केस काढून घेतलेली. शंभर-दीडशेची वस्तू, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

थकबाकी ६०,००० झाली होती, त्यातले त्यानं २०,००० भरले. जुलैचे दिले, ऑगस्ट-सप्टेंबर परत बंद. म्हणजे एकूण ६४,००० थकले. मग त्याच कायद्याच्या कलम २०(६) खाली अर्ज केला. त्यात कोर्ट थेट मालकाला, म्हणजे कंपनीला, पगारातून कापून बाईच्या खात्यात किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. ऑक्टोबरपासून कंपनीतून महिन्याला १६,००० येतात, १२,००० चालू आणि ४,००० थकबाकीचे. हे जमलं कारण तो कायम नोकरीत आहे, जिचा नवरा रोजंदारीवर किंवा स्वतःच्या धंद्यात आहे तिला हा रस्ता मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगते.

बालसंगोपनची मंजुरी ऑगस्टमध्ये आली, पैसे डिसेंबरमध्ये, काही महिन्यांचे एकदम. या योजनेचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतात असं धरून कोणी घरभाडं ठरवू नये. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, वडील आहेत म्हणून निभावलं. रेशनकार्ड अजून झालेलं नाही.

ती आता पिंपळगाव बसवंतला एका खोलीत राहते, भाडं ४,०००, शिलाई चालू आहे. मनगट थंडीत दुखतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी अर्जाची तारीख. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मार खाल्ल्याच्या तारखेपासून नाही. साडेचार महिने थांबलो, १२,००० नं ५४,००० होतात. एवढ्यात त्या घराचं वर्षाचं भाडं निघालं असतं आणि वर किराणाही. बोलणी करायचीच असतील तर अर्ज टाकूनही करता येतात, उलट अर्ज असला की समोरचा बोलायला येतो. आणि तातडी असेल तर त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बाईच्या शपथपत्रावर, समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मागता येतो, तो आम्ही मागितला नाही. आता अहवाल झाला की त्याच आठवड्यात अर्ज, असं मी धरलंय, मग दिवाळी असो की लग्न.

जॉइंट खात्यातले निम्मे पैसे तिनं पहिल्याच दिवशी काढायला हवे होते. त्या खात्यावर तिचा हक्क होता, हिशोब ठेवून मुलांसाठी वापरले असते तर कोर्टातही सांगता आलं असतं. ते नको वाटलं तर निदान शाखेत लेखी देऊन व्यवहार दोघांच्या सहीशिवाय होऊ नये असं कळवता आलं असतं, बँका तशी सूचना घेतात.

दवाखान्यात खरं सांगायला हवं होतं, पण यात तिला मी दोष देत नाही. भावजय सोबत होती, तिनं मुलांना बाहेर नेऊन तिला डॉक्टरांजवळ दोन मिनिटं एकटं सोडलं असतं तर ती बोलली असती असं तीच सांगते.

गुन्ह्याबद्दल आमचं दोघींचं अजून एकमत नाही. तिला वाटतं केला नाही ते बरं झालं, पगार चालू राहिला. मला वाटतं ठाण्यातली नुसती नोंद पुरेशी नव्हती, मार खूप होता. निर्णय तिचा होता आणि आहे.

सुकन्याच्या खात्याची तिला फार काळजी होती, की तो ते मोडून टाकेल. ते पैसे मुलगी १८ ची होईपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत सहजासहजी काढता येत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर तिच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. पासबुक अजून त्याच्याकडेच आहे. खाते नंबर मुलीच्या जुन्या वहीच्या कव्हरवर लिहिलेला सापडला, शाळेच्या त्याच बॅगेत, जी त्या रात्री बरोबर आली होती. एप्रिलमध्ये सुनंदा मुलीला घेऊन पोस्टात गेली आणि वर्षाचे कमीत कमी लागतात ते २५० रुपये भरून आली, स्लिप मुलीनं स्वतःच्या अक्षरात भरली.